क्लेटनची बोट

प्रिस्का डाबरे मस्कतहून कायमची परत आली त्या वर्षी आमच्या भुईगावच्या वाडीत तिच्याबद्दल दोनच प्रश्न चघळले जायचे. तिने लग्न का केलं नाही हा एक, आणि आता घरी बसून ती करणार काय हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर मिळालं तेव्हा पहिल्याचा सगळ्यांना विसर पडला. तिला बोट घ्यायची होती.

मासेमारीची नव्हे. शिडाची बोट, एकट्या माणसाला हाकता येईल अशी. आत झोपायला आणि शेगडी ठेवायला जागा हवी, आणि किनारा दिसेनासा झाल्यावरही दहा-पंधरा दिवस समुद्रात तग धरायला हवी.

प्रिस्का बावीस वर्षं मस्कतच्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. तिथले भूल देणारे एक डॉक्टर म्हातारे होत चालले होते. त्यांची जुनी शिडाची बोट होती आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना दोरखंड ओढायला कोणीतरी सोबत हवं असायचं. पहिल्या दिवशी प्रिस्का ओकून ओकून अर्धमेली झाली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेली. त्यानंतर सोळा वर्षं जात राहिली. दोनदा तर ती त्यांच्याबरोबर आठ-आठ दिवस समुद्रात होती. हे तिने घरी कधी कळवलं नव्हतं. फोनवर ती फक्त ‘फिरायला गेले होते’ म्हणायची.

तिचा थोरला भाऊ ॲलिस्टर केळी आणि मोगऱ्याची बाग करतो. त्याने बोटीचं ऐकलं आणि विचारलं, “त्रेपन्नाव्या वर्षी?”

“तू छप्पन्नाव्या वर्षी विहिरीत उतरून पंप काढतोस ना?”

“विहिरीला चार बाजूंनी भिंत असते, प्रिस्का.”

ती हसली आणि शोधाला लागली. नवी बोट तिच्या आवाक्यातली नव्हतीच. जुनीच घ्यायची, आणि त्यातही स्वस्त. मनाशी तिने ठरवून टाकलं होतं: शिडं फाटकी असली तरी चालतील, इंजिन बंद असलं तरी चालेल, आतल्या गाद्यांवर बुरशी असली तरी चालेल. बोटीचं कवच आणि डेक मात्र धड हवं, कारण तिथलं दुखणं वरून दिसत नाही. एक वर्ष ती मुंबई, मांडवा, गोवा असं फिरत राहिली. पर्समध्ये स्वयंपाकघरातला एक जाड स्टीलचा चमचा असायचा. चमच्याच्या पाठीने ती बोट ठोकत जायची. आवाज टणटणीत आला की पुढे, बद्द आला की तिथे थांबायचं. मांडव्याच्या बोटीला ताजा रंग होता आणि रंगाखाली सगळीकडे बद्द. गोव्यातली बोट छान होती, पण तिच्या किमतीत वसईत घर झालं असतं.

शेवटी ती अर्नाळ्याला हिरामण वैतींकडे गेली. हिरामण सदुसष्ट वर्षांचे. उभा जन्म बोटी बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलेला. इंजिनं आली नव्हती तेव्हा वडिलांबरोबर शिडावर मासे मारलेले. प्रिस्काने काय हवंय ते सांगितलं.

“एक हाय,” ते म्हणाले. “पन तुला चालेल का ते तूच बघ.”

बोंबील सुकवायच्या बांबूंच्या मांडवांपलीकडे, सुरूच्या झाडांखाली, निळ्या ताडपत्रीत ती बोट लाकडी टेकूंवर उभी होती. अठ्ठावीस फूट, फायबरची, पन्नासएक वर्षांपूर्वी परदेशात बांधलेली. जाडजूड कवच, खोल आणि लांब कणा. प्रिस्काला ती पाहताक्षणीच आवडली, आणि म्हणून तिने स्वतःला दटावलं आणि चमचा काढला. अर्धा तास ती खालून ठोकत होती. सगळीकडे टणटण. डोलकाठी सरळ. सुकाणू धड. ती शिडी लावून वर चढली. हिरामण खालीच उभे राहिले.

उजव्या बाजूच्या डेकवर आवाज बदलला. डेकचं हे फायबर दोन थरांचं असतं आणि मधे प्लायवूड भरलेलं असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं, वरून पत्ता लागत नाही. ती गुडघ्यांवर बसून पुढे सरकत गेली. डेकच्या कडेने लोखंडी खांब असतात आणि त्यांतून तार ओवलेली असते, तोच बोटीचा कठडा. उजवीकडचा तिसरा खांब जागेवर नव्हता. तिथे चार भोकं होती, फाटून एक झालेली. प्रिस्काने त्यात हाताचं बोट घातलं. भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखा काळा भुगा बोटाला लागून आला.

खांब आत सापडला, कोणीतरी नीट ठेवलेला. शेजारी तारेचं वेटोळं. पुढचं शीड दोरीने बांधलेलं होतं, पण घडी घातलेली नव्हती, गोळा करून कोंबल्यासारखं.

“ही बोट कोणाची?” तिने वरूनच विचारलं.

“क्लेटनची,” हिरामण म्हणाले.

प्रिस्का खाली उतरली. क्लेटनचं नाव तिला माहीत होतं. त्या वेळी ती मस्कतला होती, पण ती गोष्ट तिथेही पोचली होती.

क्लेटन लोपीस अर्नाळ्याच्या अलीकडच्या एका गावातला. माणिकपूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचा. बायको जीना बालवाडीत शिकवायची, एक लहान मुलगी होती, आणि घरात आई, मार्गारेट. कोणाकडून तरी त्याने ही जुनी बोट घेतली आणि सुट्टीच्या दिवशी एकटाच न्यायचा. जीनाला कुठलीही होडी लागायची, म्हणून ती या बोटीवर कधी चढलीच नाही. करोनात ऑफिस बंद पडलं, क्लेटन आठ महिने घरी होता. मग एका फेब्रुवारीत तो सकाळी बोट घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मच्छीमारांना बोट बारा मैलांवर रिकामी तरंगताना सापडली. क्लेटन अकराव्या दिवशी केळव्याच्या बाजूला किनाऱ्याला लागला. छातीला पट्टा आवळलेला होता, पट्ट्याला जाड फीत, आणि फितीच्या टोकाला लोखंडी हूक.

तो पट्टा काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. आमचे मच्छीमार असलं काही बांधत नाहीत. कागदावर ‘बुडून मृत्यू’ एवढंच लिहिलं गेलं. पण ज्याने प्रेत पाहिलं त्याने सांगितलं की हूक होता, आणि दुसऱ्याने अंदाज केला की हुकाला काहीतरी जड अडकवलं असणार. नोकरी गेलेली, आठ महिने घरात बसलेला माणूस. महिन्याभरात गावोगावी एकच गोष्ट झाली, की क्लेटनने छातीला वजन बांधून उडी मारली. चर्चमध्ये मिस्सा झाली, दफन रीतसर झालं, फादरांनी एक शब्द वावगा काढला नाही. तरीही जीव देणं आमच्याकडे महापाप मानतात, ते सगळ्यांना ठाऊक असतं. मार्गारेटने रविवारच्या मिस्सेला जाणं सोडलं. ती मधल्या वारी, सकाळी सहाला जायची. तेव्हा चर्च रिकामं असतं.

ती वजनाची गोष्ट मीही दोघातिघांना सांगितली होती. हे इथे लिहायला हवं.

प्रिस्का त्या दिवशी घरी आली, पण तिचं जेवणात लक्ष नव्हतं. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा अर्नाळ्याला गेली आणि हिरामणना विचारलं, “बोट सापडली तेव्हा काय कसं होतं ते सांगा. आठवेल तेवढं.”

हिरामणना सगळंच आठवत होतं. बोट ओढून आणायला तेच गेले होते. मोठं शीड वर होतं. पुढचं अर्धं उतरवलेलं, डेकवर आणि पाण्यात लोंबत होतं. उजवीकडचा खांब उपटून तारेला लटकत होता. तार पुढच्या टोकाला सुटलेली होती.

“मी ते सगळं गुंडालून आत ठेवलं,” ते म्हणाले. “वाटलं, बोट लाटांवर आपटून मोडलं असेल.”

“कोणाला सांगितलंत?”

“कोन विचारतो आमाला?”

प्रिस्काने तारेचं वेटोळं सोडून वाळूवर लांब पसरलं. तारेवर पांढरं प्लास्टिकचं वेष्टन होतं. मधल्या भागापासून सुटलेल्या टोकापर्यंत ते एका रेषेत खरवडलं होतं, सुरीने सोलल्यासारखं. तिने त्यावरून हात फिरवला आणि तिथेच वाळूत बसली.

खवळलेल्या पाण्यात बोटीच्या पुढच्या भागात जायचं तर छातीला पट्टा बांधतात आणि फितीचा हूक बोटीला अडकवतात. पडलं तरी माणूस बोटीला राहतो. क्लेटन पुढचं शीड उतरवायला गेला होता. वारा वाढला असणार. हूक त्याने कठड्याच्या तारेला लावला होता. घसरला, सगळं वजन तारेवर आलं, कुजक्या डेकमधून खांब उपटला, तार टोकाशी सुटली, आणि हूक तारेवरून खरवडत जाऊन बाहेर पडला. बोट पुढे निघून गेली.

“मरायला निघालेला मानूस शीड कशाला उतरवील?” हिरामण म्हणाले. प्रिस्काने सांगितलेल्या पाच वाक्यांत त्यांना सगळं समजलं होतं. मग त्यांनी तोंड फिरवलं. तीन वर्षं ती तार त्यांनीच सांभाळली होती.

दोन दिवसांनी प्रिस्का क्लेटनच्या घरी गेली. बोट घ्यायची म्हणून फोन आधीच करून ठेवलेला होता, त्यामुळे दोघी वाट बघत होत्या. मार्गारेटने चहा केला. जीना कपाटातून बोटीचे कागद काढत होती. प्रिस्काने चहाला हात लावला नाही.

“मावशी, क्लेटनच्या अंगावरचा पट्टा तुमच्याकडे आहे का?”

जीनाचे हात थांबले. मार्गारेट उठली आणि माळ्यावरून एक प्लास्टिकची पिशवी काढून आणली. तोंडाला अजून पोलिसांची चिठ्ठी होती.

“आम्ही उघडली नाही,” ती म्हणाली. “टाकवतही नाही.”

प्रिस्काने पिशवी उघडली. पट्टा मिठाने ताठ झाला होता. तिने तो झटकला आणि स्वतःच्या अंगात घातला, खांद्यांवरून, छातीवरून, बक्कल लावलं. मग हूक खिडकीच्या गजाला अडकवला आणि पाय टेकवून मागे रेलली. सगळं अंग त्या फितीवर लोंबकळत राहिलं.

“हा पडू नये म्हणून बांधतात, मावशी. सोळा वर्षं मी असाच बांधत होते. याला वजन बांधत नाहीत. आपल्याला बोटीशी बांधून घेतात.”

मार्गारेट बघत राहिली. मग जवळ आली, ताणलेल्या फितीवर तिने हात ठेवला. “म्हणजे परत यायला बांधला होता?”

“हो.”

ती खाली बसली आणि रडू लागली. हुंदका न देता, पदर तोंडात धरून. प्रिस्काही तिच्या शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. अर्धं उतरवलेलं शीड, उपटलेला खांब, तारेवरची खूण. सांगताना तिला हलकं वाटत होतं. तेच चुकलं, असं ती मला नंतर म्हणाली. आपण चांगली बातमी आणलीय असं वाटलं की माणूस बोलत सुटतो.

“डेक आतून कुजलं होतं,” ती म्हणाली. “वेळेवर उघडून लाकूड बदललं असतं तर खांब निघालाच नसता.”

जीना आतापर्यंत कपाटाशीच उभी होती. “कधीपासून कुजलं होतं?”

“तीन-चार वर्षं तरी आधीपासून.”

“हे तुम्ही भाव पाडायला सांगता आहात का?”

“नाही, जीना. बोट मी घेईन न घेईन. पण हे खरं आहे.”

जीनाने कागद परत कपाटात ठेवले. एकेक करून. मग पाठमोरीच म्हणाली, “दोन वर्षं तो सांगत होता. डेक मऊ लागतंय, काम करून घेऊ. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. दोन्ही वर्षी मीच म्हटलं.”

प्रिस्काला काहीतरी सावरायचं होतं. ती घाईने म्हणाली, “फक्त तेवढंच नाही. हूक तारेला लावायचा नसतो. डेकवर पुढून मागे वेगळा पट्टा टाकतात, त्याला लावायचा. ते त्याच्याकडून…”

“आता त्याच्यावर ढकलू नका.” जीना वळली. तिचे डोळे कोरडे होते. “तीन वर्षं लोक म्हणत होते त्याने जीव दिला. मी विश्वास ठेवला नाही, पण झोपेची गोळी घेत होते. आता तुम्ही सांगता जीव दिला नाही, मी काम पुढे ढकललं म्हणून तो गेला. बोट विकायची नाही. जा तुम्ही.”

मार्गारेट गेटपर्यंत आली. पट्टा तिच्या हातातच होता. “तिचं मनावर घेऊ नकोस,” ती म्हणाली. “माझ्यावर तू उपकार केलेस. पण आता परत येऊ नकोस.”

प्रिस्का वाटेत माझ्याकडे थांबली. आमच्या ओट्यावर बसून तिने हे सगळं सांगितलं. म्हणाली, “थिएटरच्या बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांशी बावीस वर्षं बोलले. काय सांगायचं, कुठे थांबायचं, सगळं कळायचं. तिथे का नाही कळलं?” माझ्या मनात वेगळंच चाललं होतं.

मी ज्यांना ज्यांना ती वजनाची गोष्ट सांगितली होती त्यांच्याकडे गेलो. एकाने ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. दुसरा म्हणाला, “बोट विकायची असेल तर असं सांगावंच लागणार.” तिसऱ्याला मी पूर्वी काय सांगितलं होतं तेच आठवत नव्हतं.

मार्गारेट मात्र रविवारच्या मिस्सेला जाऊ लागली. भेटेल त्याला पट्ट्याचं सांगायची. लोक हो हो म्हणायचे. काहींचा विश्वास बसला, काहींना वाटलं आईने मनाची समजूत घातली.

प्रिस्काने दुसरी बोट शोधली नाही. ॲलिस्टरला ते बरंच वाटलं. तो म्हणाला, “मेलेल्या माणसाची बोट होती, सुटलीस.” ती बागेत त्याला मदत करायची, दुपारी पडवीत बसून राहायची. पहिल्यासारखी हसत नव्हती.

एप्रिलमध्ये एका दुपारी हिरामणचा फोन आला. “ती आलीय. क्लेटनची बायको. बोटीखाली उभी हाय अर्धा तास. बोलत नाय. तू ये.”

प्रिस्का स्कूटर घेऊन गेली. जीना सुरूच्या सावलीत उभी होती, बालवाडीतून थेट आलेली, खांद्याला पिशवी. प्रिस्का दिसल्यावर तिने फक्त विचारलं, “ती जागा कुठली?”

दोघी शिडीने वर चढल्या. त्या बोटीवर जीनाचं ते पहिलं पाऊल. प्रिस्काने फाटलेली भोकं दाखवली. जीनाने पुढचा, चौथा खांब दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही.

“हा तर घट्ट आहे.”

“तिसराही असाच घट्ट वाटत असणार.”

“दाखवा मला.”

हिरामणनी चौथ्या खांबाला दोर बांधला. तिघांनी खाली उतरून वाळूत पाय रोवले आणि ओढलं. पहिल्या दोन हिसक्यांना काही झालं नाही. तिसऱ्याला लाकूड मोडल्यासारखा दबका आवाज आला आणि खांब डेकच्या तुकड्यासकट उपटून वाळूत पडला. जीना तोल जाऊन बसली ती बसूनच राहिली. तिने खांबाच्या बुडाला चिकटलेला काळा भुगा बोटांनी चिरडला.

“बाहेरून काहीच कळत नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“त्यालाही कळलं नसेल.”

“मऊ झालंय एवढं कळलं होतं. इतकं झालंय हे नसणार कळलं. कळलं असतं तर हूक तारेला लावलाच नसता.”

जीना म्हणाली, “मी हो म्हटलं असतं तर?”

“तर कदाचित वाचला असता,” प्रिस्का म्हणाली. “कदाचित त्याने आधी शिडं बदलली असती आणि डेक राहिलंच असतं. मला माहीत नाही, जीना. कोणीच सांगू शकणार नाही.”

हिरामणनी प्रिस्काकडे रागाने पाहिलं. त्यांना वाटलं, एवढ्या वेळी तरी खोटं बोलायचं. पण जीनाने मान हलवली. ती रडत होती, पण आवाज शांत होता.

“सगळे मला सांगतात, तुझा काही दोष नाही. ऐकलं की अंगावर काटा येतो. तुम्ही तरी तसं म्हणत नाही.” ती उठली, साडीची वाळू झटकली. “घेऊन जा बोट. नाव मात्र बदला. मुलीचं नाव आहे ते.”

प्रिस्काने कुजक्या डेकच्या बोटीचा जो भाव असतो तोच दिला, कमी नाही, जास्त नाही. जीनाने तसंच सांगितलं होतं. ॲलिस्टर मात्र भडकला. दीड महिना त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. एका घरात राहून, एका ताटलीतले मासे खाऊन.

पावसाळाभर बोट ताडपत्रीखाली राहिली. ऑक्टोबरपासून हिरामण आणि प्रिस्काने दोन्ही बाजूंचं डेक कापून उघडलं. फावड्याने काढावा इतका चिखल निघाला. आतलं सुकवलं, नवं लाकूड भरलं, वरून फायबर घातलं, प्रत्येक खांबाखाली तळहाताएवढी स्टीलची प्लेट बसवली. प्रिस्काचे हात फायबरच्या खाजेने लाल झाले. नाव आईचं ठेवलं, ‘उर्सुला’. जानेवारीच्या उधाणाला अर्नाळ्याच्या पंधरावीस माणसांनी हात लावला आणि बोट पाण्यात गेली.

फेब्रुवारीत ती एकटी गोव्याला निघाली. तीन दिवसांचा रस्ता. दुसऱ्या दुपारी हरिहरेश्वरच्या पुढे, किनाऱ्यापासून वीस मैल बाहेर, वारा वाढला. पुढचं शीड उतरवायला हवं होतं. पट्टा घातला, हूक डेकवरच्या नव्या पट्ट्याला लावला, आणि ती उठून उभी राहिली.

पाय उचललाच गेला नाही.

उजवीकडचा तिसरा खांब तिने स्वतः बसवला होता. त्याखाली काय आहे हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरीही ती त्याच्यापुढे जाऊ शकली नाही. एक तास ती सुकाणू धरून मागे बसून राहिली. बोट कलून धावत होती आणि शीड फाटेल असं वाटत होतं. शेवटी इंजिन लावून, वाऱ्याकडे तोंड करून, मागूनच दोर सोडून तिने शीड कसंबसं खाली पाडलं. अर्धं पाण्यात गेलं. त्या लोंबत्या शिडाकडे बघून तिला उलटी झाली. जवळच्या खाडीत शिरून ती दोन दिवस नांगर टाकून पडून राहिली, आणि मग परत आली.

गावात तिने सांगितलं, इंजिनात बिघाड झाला. खरं फक्त ॲलिस्टरला सांगितलं. तो केळीची पानं कापत होता. त्याने विळा खाली ठेवला.

“सोळा वर्षं केलंस ते?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं की खांब निघतो.”

त्याने ‘मी सांगत होतो’ असं म्हटलं नाही. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर तो जुनी पँट घालून स्कूटरशी येऊन उभा राहिला. ॲलिस्टरला पोहायला येत नाही. तो बोटीच्या मागच्या भागात बादली मांडीवर घेऊन बसायचा आणि ओकायचा. अर्नाळ्याच्या किल्ल्याला वळसा घालून दोघं बाहेर जायची. प्रिस्का पुढे जायची, मागे यायची, पुन्हा पुढे. पहिल्या रविवारी दुसऱ्या खांबापर्यंतच गेली. मे महिन्यापर्यंत ती शीड खाली वर करू लागली होती. भीती गेली का असं मी एकदा विचारलं. “नाही,” ती म्हणाली. “पण ती असतानाच पाय उचलायला येतो आता.”

गेल्या नोव्हेंबरात ती एकटी गोव्याला पोचली. तिथून कारवार, मग मंगलोर, मग कोची. लक्षद्वीपला जायच्या परवानगीसाठी तिला तिथे बरेच दिवस थांबावं लागलं. पिण्याच्या पाण्याची टाकी गळत होती आणि एक शीड उभं फाटलं होतं. फोनवर ती थकलेली वाटायची, पण परत येण्याचं नाव काढत नव्हती. ॲलिस्टर रोज संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज बघायचा आणि मला न विचारता वाचून दाखवायचा.

परवानगी आली, आणि ती निघाली. त्यानंतर तीन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी दुपारी ॲलिस्टर हातात फोन घेऊन बागेतून ओरडतच आला.

त्याच आठवड्यात माणिकपूरच्या बाजारात मला जीना दिसली. भाजी घेत होती. आमची ओळख अशी नाही. मार्गारेटमुळे ती मला चेहऱ्याने ओळखते, आणि मी त्या अफवेबद्दल कधी तिची माफी मागितलेली नाही. मी काहीतरी बोलावं की नाही या विचारात असताना तीच जवळ आली.

“पोचल्या का त्या?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हणालो. “बुधवारी.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि पिशवी उचलून रिक्षांच्या रांगेकडे गेली.